पुरावा म्हणून ठेवलेली शेगडी

मला स्वयंपाक येत नाही. खळ येते.

दोन वाट्या मैदा थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा, हात न थांबवता ढवळायचं आणि चकाकी आली की उतरवायचं. शेवटी मोरचुदाची चिमूटभर पूड पाण्यात विरघळवून घालायची. मोरचूद म्हणजे ते निळे खडे, वाडीवाले चुन्यात मिसळून झाडांवर फवारतात ते. माझी एक मैत्रीण नंदाखाल गावची आहे, तिच्या वाडीतून मी पुडी आणते. खळीत ते असलं की झुरळं आणि मुंग्या भिंतीवरचं पत्रक खात नाहीत. पण ते विष आहे, म्हणून आईने खळीचं पातेलं वेगळं काढून दिलं होतं. मोडीत निघालेलं स्टीलचं पातेलं, फ्रिजवरचं चुंबक बुडाला चिकटतं की नाही हे बघून निवडलेलं, कडेला नेलपॉलिशची लाल खूण केलेलं. "सासरी गेलीस की पहिल्या दिवशी खळच वाढ," आई म्हणायची. "सगळे जागच्या जागी चिकटून बसतील. तुला भाषण द्यायला बरं."

आमचा गट म्हणजे आमच्या चंदनसार भागातले आम्ही सात-आठ जण. विषय वीज. दुपारी जाते, संध्याकाळी येते, येते ती कधी मिणमिणती, कधी पंखा उडेल अशी. आम्ही फ्लेक्स लावत नाही. वाढदिवसाचे, स्वागताचे, हात जोडलेले ते प्लॅस्टिकचे पडदे खाली उतरले की नाल्यातच जातात, हे आम्ही आमच्या पहिल्याच पत्रकात छापलं होतं, त्यामुळे आता मागे फिरता येत नाही. कागद, एका रंगाची छपाई आणि खळ. हसायचं त्यांनी हसावं.

खळ मी आईच्या इंडक्शनवर शिजवायची. घरात दुसरी शेगडी नव्हतीच. का नव्हती, ते आधी सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी आईला ताप आला, उतरला, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. वास येईनासा झाला. आंबट, खारट, तिखट जिभेला कळायचं, पण हिंग आणि चुना तिला सारखेच. डॉक्टर म्हणाले, येईल परत. मग म्हणाले, काहींना येत नाही. आई कुणाला फार बोलली नाही. धूप लावायची, तोंड जवळ न्यायची आणि मागे घ्यायची, एवढंच मी पाहिलंय.

मग एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत दारात आल्या. "वहिनी, गॅस! जिन्यात वास मारतोय!" आई ओट्याशीच उभी होती, मेथी निवडत. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं, तिच्या हाताच्या अंतरावर गॅस सुटत होता, आणि ती शांतपणे काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत होती.

काही झालं नाही. काकूंनी खिडक्या उघडल्या, बाबांनी सिलिंडर बंद केला. पण बाबांनी तो फक्त बंद केला नाही, घराबाहेर काढला. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंपनीत सुरक्षेचे नियम पाळलेला माणूस. त्यांनी निकाल दिला: "आता तू स्वयंपाकघरात एकटीने काही पेटवायचं नाही. डबा लावू."

डबा लागला. दोन इमारती पलीकडच्या एका ताई घरी करून देत, जेवण चांगलं असायचं. आई रोज तो डबा घासून-पुसून परत द्यायची. आणि रिकामा द्यायचा नसतो म्हणून वरच्या खणात चमचाभर साखर घालायची. शेजारणीची वाटी परत करताना आमच्याकडे लिंबू जातं, चार चिंचा जातात, वडीचा तुकडा जातो. विकतच्या डब्याला साखर घालताना मी आईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "आई, हा व्यवहार आहे, देवाणघेवाण नाही." ती म्हणाली, "मग मी घरात काय करते, ते तरी सांग."

अकरा दिवसांनी मी इंडक्शन घेऊन आले. ज्योत नाही, वायू नाही, भांडं उचललं की आपोआप बंद. बाबांना नियमात बसणारी वस्तू सापडली आणि आईला ओटा. तरी बाबांनी भिंतीवर स्वतःच्या अक्षरात सूचना लावल्याच: दूध तापत असताना जागा सोडू नये. काम झाल्यावर प्लग काढावा. काही सांडल्यास ताबडतोब कळवावे. कळवावे! मी चार चौकांत माणसांच्या हक्कांची पत्रकं चिकटवत हिंडत होते आणि माझ्याच घराच्या भिंतीवर आईविरुद्ध परिपत्रक लागलं होतं. त्यावर मी एक शब्द बोलले नाही, कारण पत्रकं चिकटवण्यातून मला वेळ नव्हता.

आई शिकली. नाकाचं काम तिने कानाला दिलं. मोहरी तडतडून थांबली की पुढची क्षणभराची शांतता, कांदा पाणी सोडतो तेव्हाचा आवाज आणि पाणी आटल्यावरचा आवाज, भाकरी फुगताना येणारा बारीक उसासा. इंडक्शनची एक गुणगुण असते, आकडा वाढवला की बदलते, आई तीही ओळखू लागली. बाबा दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन हुंगायचे. नाक वर करून दोनदा हवा ओढायची आणि निघून जायचं. आई पाठमोरीच म्हणायची, "पास की नापास?"

आणि मग एका मंगळवारी सकाळी शेगडी लागेना.

बटण दाबलं की टुक वाजायचं, आतला पंखा क्षणभर फिरायचा, आकड्यांच्या जागी इंग्रजी ई आणि नऊ उमटायचं आणि टुक-टुक-टुक असा रडका आवाज सुरू व्हायचा. आईने प्लग काढून लावला. दुसरं भांडं ठेवलं. तेच.

बाबा आले. "काय सांडलं?"

"काही नाही."

"दूध उतू गेलं असेल. तुला कळलं नसेल."

हे मी तेव्हा ऐकलं, पण ऐकू मात्र आलं नाही, कारण माझ्या डोक्यात तोपर्यंत मथळा तयार झाला होता. आदल्या संध्याकाळी दिवे तीनदा गेले-आले होते. आमच्या गटाने शनिवारी वीज कार्यालयावर जायचं ठरवलं होतं, आणि प्रत्येकाने विजेच्या खेळात बिघडलेली आपापली वस्तू हातात धरून यायचं होतं. एकाकडे मिक्सर होता, एकाकडे पाण्याची मोटर. आणि माझ्याकडे? एका आजारी गृहिणीची एकमेव शेगडी! मी आईला 'आजारी गृहिणी' असं त्या यादीत लिहिलं, तिला न विचारता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

"कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. "हा पुरावा आहे. उघडली, दुरुस्त केली, की वीज कंपनीवाले म्हणणार तुम्हीच बिघडवली."

"शनिवारपर्यंत?" आई म्हणाली.

"चार दिवस, आई."

"चार दिवस काय करू?"

"डबा आहे ना," बाबा म्हणाले आणि फोन उचलला. मग आईकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि शनिवारनंतरही विचार करू. झाली दोन वर्षं. तू पण थकलीस. पुढच्या महिन्यापासून कायमचाच लावून टाकू."

मी शेगडीभोवती चिकटपट्टी फिरवली, वर कागद लावला, 'वीजपीडित वस्तू, क्रमांक चार', आणि ती कपाटावर ठेवली. आईने रिकामा झालेला ओटा पुसला. चकचकीत पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

बुधवारी डब्यात साखर गेली. गुरुवारी दुपारी मी घरी आले तेव्हा आई खुर्चीवर बसून चष्मा लावून शेगडीबरोबर आलेली पुस्तिका वाचत होती. मराठी नव्हतंच, हिंदीची पानं उघडली होती.

"अगं, बस जरा," ती म्हणाली. "हे बघ. वीज कमी आली तर ई-तीन. जास्त आली तर ई-चार. भांडं तापलं तर ई-सहा. ई-नऊ म्हणजे 'आंतरिक संपर्क में दोष'. तुझ्या व्होल्टेजचा आकडा वेगळा आहे."

"पुस्तिका कंपनीची आहे, आई. कंपनी कधी खरं लिहील?"

"कंपनीने वीज कंपनीची बाजू कशाला घ्यावी? त्यांना उलट बरंच ना, दोष दुसऱ्याचा निघाला तर."

मी वाद घालण्यात बरी आहे. मी म्हणाले, "व्होल्टेजमुळेच आतला संपर्क तुटला असेल."

"असेल. पण उघडल्याशिवाय कळणार कसं?"

"शनिवारनंतर उघडू."

आईने चष्मा काढला. "तुझ्या मोर्चात माझी शेगडी मिरवून आणलीस आणि रविवारी ती दुरुस्त नाहीच झाली, तर हे मला पुन्हा ओट्याशी उभं राहू देणार नाहीत. एकदा डबा कायमचा लागला की लागला. मला पुरावा नकोय गं. मला शेगडी हवी."

मी पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिला नियम शिकवला गेला होता: मागणी एका ओळीत मावली पाहिजे. आईची मावली होती. मी कंपनीच्या सेवा क्रमांकाला फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा, स्वयंपाकघरातील उपकरणांसाठी चार दाबा, मग गाणं. बऱ्याच वेळाने एक मुलगा बोलला. अर्धा तास प्लग काढून ठेवा, म्हणाला. तीन दिवस काढलेलाच आहे, मी म्हणाले. मग म्हणाला, कम्युनिकेशन फॉल्ट आहे मॅडम, आतली दोन्ही सर्किटं बदलावी लागतील, तुमच्या भागात माणूस दहा दिवसांनी येईल, त्यापेक्षा नवीनच घ्या. त्याने उभ्या जन्मात ऐकलं नसेल असं भाषण मी त्याला दिलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबायला सांगितलं.

फोन ठेवून मागे वळते तर आई चिकटपट्टी कापत होती.

"गोखिवऱ्याला एक जण आहेत," ती म्हणाली. "खालच्या काकूंची वॉशिंग मशीन त्यांनीच नीट केली. चल."

शेगडी बाजाराच्या पिशवीत घालून, वर ओढणी टाकून आम्ही रिक्षाने गोखिवऱ्याला गेलो. मी बरोबर गेले ते मदतीला नव्हे. मला त्या माणसाकडून चिठ्ठी लिहून घ्यायची होती: विजेचा दाब वाढल्याने उपकरण निकामी झाले, खाली सही, तारीख.

औद्योगिक गाळ्यांच्या रांगेत, एका बाजूला रबराचे वॉशर कापणारे आणि दुसऱ्या बाजूला खोकी शिवणारे, यांच्यामध्ये एक चिंचोळं दुकान. आत साठीच्या आसपासचे एक काका, बनियनवर निळा एप्रन, कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला. खाडीकडच्या गावातले, भातशेती सांभाळून हे करणारे. आईने शेगडी टेबलावर ठेवली, त्यांनी प्लग लावला, टुक-टुक ऐकलं आणि मान डोलावली.

"वहिनी, ही मेली नाय. रुसलीय."

"काका," मी सुरू केलं, "व्होल्टेजमुळे जळाली असं लिहून द्याल का?"

त्यांनी माझ्याकडे भिंगातून पाहिलं. "जळालंच नसेल तर लिहू काय?"

"आमच्याकडे विजेचा भयंकर..."

"आमच्याकडे नाय का? मी काय चंद्रावर राहतो? पन आधी उघडू तर दे, पोरी."

त्यांनी शेगडी उलटी केली, मळसूत्रं काढून झाकणात ठेवली, काच सावकाश उचलली. आत तांब्याच्या तारेची जाड चकती, जिलबीसारखी. तिच्याखाली एक हिरवी पाटी, पुढच्या बटणांमागे दुसरी, छोटी. दोघींना जोडणारी बोटाएवढी रुंद पांढरी पट्टी.

"ही बटनांची पाटी, ती खालची ताकदीची," ते आईला सांगू लागले, मला नाही. "तुम्ही वर चार नंबर दाबला की वरची खालचीला सांगते, चार. खालची म्हनते, बरं, चार. मग काम सुरू. खालचीचं उत्तर आलं नाय तर वरची घाबरून बंद करते आनि नऊ दाखवते. बरोबरच करते. उत्तर न येता चालू ठेवली तर आग लागायची."

मीटर लावून त्यांनी खालच्या पाटीचा फ्यूज पाहिला. शाबूत. वीज येत होती ती पाहिली. नीट. मोठे भाग एकेक करून पाहिले, प्रत्येक वेळी मीटर वाजला आणि प्रत्येक वेळी माझ्या पत्रकातली एकेक ओळ खाली पडली. दाब वाढून काही गेलं असतं तर पहिला फ्यूज गेला असता, ते म्हणाले, तो बिचारा आहे जागेवर.

"मग पाणी?" आईने विचारलं. आवाज बारीक होता. "किंवा दूध?"

"बघू ना." त्यांनी पांढरी पट्टी बटणांच्या बाजूने चिमट्याने उपसली आणि थांबले. पट्टीचं टोक आणि ती खोचायची खाच, दोन्हींवर कसला तरी थर होता. सुकलेला, पापुद्र्यासारखा. आणि निळा. निळा-हिरवा, जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतो तसा, पण जास्त गडद.

"हे काय आनि?" त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं. "पानी गेलं म्हनावं तर पान्याचा डाग पांढरा राहतो. दूध गेलं असतं तर पिवळं, करपट. दुधाने असं कधी होत नाय." त्यांनी नखाने खरवडलं. "चिकट पन आहे. वहिनी, तुमच्या घरी निळं काय शिजवता?"

गाळ्यात शेजारच्या मशिनीचा खटखट आवाज तेवढा येत होता. आईने त्या निळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मला गप्प बसता आलं असतं. एक क्षणभर मी बसलेही. मनात मसुदा सुद्धा तयार झाला: समुद्राची हवा, खारं वारं लागलं की तांबं गंजतं, असं काहीतरी. दुसऱ्यांच्या सारवासारवीवर मी आजवर किती रागाने लिहिलंय, आणि माझी किती पटकन सुचली!

"खळ," मी म्हणाले. "मोरचूद आहे त्यात. तीन आठवड्यांपूर्वी तू बाजारात गेली होतीस, मी फोनवर घोषणेतल्या एका शब्दावरून भांडत होते आणि खळ उतू गेली. पुढे बटणांवर आली. मी पुसली."

"आणि सांगितलं नाहीस."

"नाही."

"काच आनि प्लॅस्टिकमधला जोड सुटलाय बघ इथे," काका भिंगाखालून म्हणाले. त्यांना आमच्यात पडायचं नव्हतं. "तिथून उतरली असनार. लगेच काय नाय करत ते. ओली हवा धरून धरून हळूहळू टोकं खातं."

आई गाळ्यातल्या स्टुलावर बसली. मला वाटलं आता ओरडेल. मी तयारही होते.

"म्हणजे माझ्या हातून नाही," ती म्हणाली.

तिने तो प्रश्न म्हणून विचारला नव्हता. ती ते वाक्य नीट उभं राहतंय का, हे बघत होती. मग तिने सांगितलं. सोमवारी दूध जरा वर आलं होतं, बोटभर. तिने झटकन पुसलं. सूचनेप्रमाणे कळवलं नाही. मंगळवारी शेगडी बंद पडली तेव्हा तिला खात्रीच वाटली की आपलंच दूध आत गेलं, आणि आपल्याला नीट कळलंच नाही किती गेलं ते. "मला वाटलं, हे म्हणतात ते बरोबर आहे. आता डोळेही गेले आपले. आता खरंच बाजूला व्हावं."

तीन दिवस ती हे घेऊन त्या चकचकीत ओट्यासमोर बसली होती. आणि मी तिच्या डोक्यावर, कपाटावर, 'वीजपीडित वस्तू, क्रमांक चार' लावून ठेवलं होतं.

"दूध नाय हो वहिनी," काका म्हणाले. "बोटभर दुधाने कुनाची शेगडी जात नाय. आमच्याकडे रोज उतू जातं. ही ना, या म्याडमची पोस्टरबाजी."

आई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग तिने पदर तोंडावर घेतला. "कंपनीच्या मुलाला काय काय बोलली हो ही! एक दाबायला सांगितलं त्याने."

मलाही हसू फुटलं, आणि माझ्या अंगावरून काहीतरी मोठं ओझं उतरलं. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटत होतं. दोष माझा होता. किती बरं झालं! तो तिचा असता तर त्याला औषध नव्हतं.

काकांनी स्पिरिट आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने खाच साफ केली. निळी घाण कापसावर आली. पट्टीचं टोक खाल्लं गेलं होतं, ते फेकून त्यांनी एका भंगार शेगडीतली पट्टी काढून बसवली, खाचेचे डाक दिलेले दोन जोड पुन्हा तापवून पक्के केले. काचेचा जोड सिलिकॉनने भरला. "हे सुकायला उद्यापर्यंत. पन चालते का ते आता बघू." त्यांनी स्वतःचं चहाचं भांडं पाणी घालून वर ठेवलं आणि बटण आईकडे केलं. "तुम्हीच दाबा."

टुक. आकडा उजळला. आईने चार केला आणि मान जराशी तिरकी करून ऐकत राहिली. मशिनीच्या खटखटीतूनही तिला ती गुणगुण सापडली असावी, कारण तिचा चेहरा मोकळा झाला. थोड्याच वेळात भांड्याच्या तळाला बुडबुडे दिसू लागले.

"तुझी चिठ्ठी?" काकांनी मला विचारलं. "लिहून देऊ? खळीमुळे निकामी?"

घरी पोचलो तेव्हा बाबा डब्यासमोर ताट घेऊन बसले होते. "काय म्हणाला दुरुस्तीवाला?" पिशवीतली शेगडी बघून त्यांनी आईला विचारलं. "आत गेलं होतं ना काहीतरी?"

"गेलं होतं," मी म्हणाले. "माझी खळ. दूध नाही, पाणी नाही, वीजही नाही. आईने काही केलेलं नाही." आणि मग, दोन वर्षं उशिरा का होईना, बाकीचंही बोलले. की गॅसचं बटण त्या दिवशी कोणाच्याही हातून राहिलं असतं. की ही बाई नाक नसताना आपल्या सगळ्यांपेक्षा नीट स्वयंपाक करते. आणि ती भिंतीवरची सूचना पाळायला हवी होती ती मी, पण कळवावे असं जिला बजावलं होतं तीच घाबरून कळवेनाशी झाली.

बाबांनी घास खाली ठेवला. ते माफी वगैरे मागणाऱ्यातले नाहीत. "मोरचूद?" ते म्हणाले. "स्वयंपाकघरात? कळतं का तुला काही?" मला चांगलं दहा मिनिटं झापलं, आणि ते सगळं रास्त होतं. आई तेवढा वेळ टेबलाशी बसून पहिल्यांदाच निवांत ऐकत होती, कारण भाषण दुसऱ्याच कुणासाठी होतं.

त्या रात्री मी एक कागद लिहिला. पत्रकात चूक छापली तर आम्ही शुद्धिपत्रक काढतो, तसा. 'मंगळवारी या घरात शेगडीच्या बिघाडाबाबत जे बोलले गेले ते चुकीचे होते. बिघाडाचे कारण खाली सही करणारी आहे. वस्तू क्रमांक चार यादीतून वगळण्यात येत आहे.' बाबांच्या सूचनांच्या शेजारी लावला. बाबांनी जवळ जाऊन वाचला, दोनदा. मग विचारलं, "चिकटवलंय कशाने?"

"टेपने."

"हं." त्यांनी आपला सूचनांचा कागद एका कोपऱ्यातून सोडवला, मग दुसऱ्या, आणि घडी करून खिशात घातला. माझा राहू दिला.

शनिवारी आम्ही कार्यालयावर गेलो. मिक्सर होता, मोटर होती, विजेची तक्रार खरीच होती आणि आहे. मी शेगडीचा किस्सा गटात सांगितला तेव्हा एक जण म्हणाला, अगं, सांगितलं नसतंस तर कुणाला कळणार होतं? मी म्हणाले, आईला. खळ आता मी नंदाखालला मैत्रिणीच्या वाडीत तीन विटांवर करते. लाल खुणेचं पातेलंही तिथेच असतं.

पण त्याआधी, शुक्रवारी सकाळी, सिलिकॉन सुकल्यावर आईने शेगडी ओट्यावर घेतली. रवा काढला. तूप वितळलं, रवा पडला, आणि ती उलथनं फिरवत कान देऊन उभी राहिली. बाबा दाराशी आलेच, सवयीने. नाक वर केलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत वळले.

"अहो, जाता कुठे?" आई मागे न बघता म्हणाली. "इथे या. रंग मला दिसतोय, आवाज मला येतोय. वास तेवढा तुम्ही सांगा. खमंग झाला की बोला."

बाबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आईचं उलथनं फिरत राहिलं. मग म्हणाले, "आता."

तिने गरम पाणी ओतलं. शिरा झाल्यावर तिने आदल्या दिवशीचा घासून ठेवलेला डबा उघडला, वरच्या खणात शिरा काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. "त्या ताईंना दे. म्हणावं, उद्यापासून नको. आणि जेवण छान असायचं, हे सांगायला विसरू नकोस."